जुना ऑफसाइड

फुटबॉलमध्ये बॅकला कुत्रं विचारत नाही, हे मला जर्मनीला जाण्याआधीच माहीत होतं. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या तालमीकडून मी राइट बॅक खेळायचो. मॅच जिंकली की गोल मारणाऱ्याला खांद्यावर घेऊन मिरवायचे, आणि आम्ही बॅक मंडळी मागून बूट हातात धरून चिखल झाडत यायचो. गोल खाल्ला की मात्र अख्ख्या पेठेला आमची आठवण व्हायची. चहाच्या गाड्यावर उभं राहायची सोय नसायची. पुढं मी इंजिनिअर झालो आणि पन्नासचं दशक संपत आलं असताना हॅम्बर्गला जहाजाच्या कारखान्यात लागलो. जाताना ट्रंकेत दोन स्वेटर आणि आईनं दिलेली चटणी होती. बूट आत मावेनात म्हणून वरून दोरीनं बांधले होते.

त्या बुटांमुळंच मला खोली मिळाली. लढाईत पडलेली घरं अजून सगळी उभी राहिली नव्हती, खोल्यांची मारामार होती, आणि माझा रंग बघितला की दार उघडणाऱ्या बाईची खोली नेमकी 'आत्ताच गेलेली' असायची. बंदराजवळच्या एका नव्या इमारतीत मात्र दार एका धिप्पाड म्हाताऱ्यानं उघडलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. बुटांकडं बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, "बॅक की फॉरवर्ड?"

"बॅक."

"मग आत ये."

मागून त्याची जर्मन बायको ॲप्रनला हात पुसत आली. ठेंगणी, लालबुंद गालांची. "अहो, निदान नाव तरी विचारा," ती म्हणाली.

"नाव काय करायचंय? बॅक आहे."

असा मी त्या घरात भाडेकरू झालो. तोंडावर मी तिला तिच्या आडनावानं 'फ्राउ अमुक' म्हणायचो, पण मनात ती पहिल्या आठवड्यातच मावशी झाली. आणि तो म्हातारा वस्ताद झाला. आमच्याकडं तालमीत शिकवतो त्याला वस्ताद म्हणतात, आणि ते तसेच होते. स्कॉटलंडमधल्या कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मलेले, पहिली लढाई संपल्यापासून दुसरी सुरू व्हायच्या जरा आधीपर्यंत पोटासाठी फुटबॉल खेळलेले. लेफ्ट बॅक. दुसऱ्या लढाईनंतर ते ब्रिटिश फौजेच्या कोठारावर नोकर म्हणून हॅम्बर्गला आले, तिथल्या कँटीनमध्ये मावशी भांडी घासायची. तिचा पहिला नवरा रशियात लढाईत मेलेला, त्यांची पहिली बायको लढाईच्या आधीच वारलेली. दोघांनी लग्न केलं. त्यांनी तिच्यासाठी जर्मन शिकून घेतलं, तेही बंदरावरच्या हमालांचं जर्मन, त्यामुळं तिला इंग्रजी शिकायची पाळीच आली नाही.

जेवण झालं की स्वयंपाकघरात वस्तादांची गोष्ट चालायची. मी ती पुष्कळदा ऐकली आणि प्रत्येक वेळी मला ती आवडली. कारण एवढी वाईट नशिबाची गोष्ट एवढी हसत सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. टेबलावर मीठदाणी, मिरपूड आणि मोहरीची बाटली मांडून ते मला जुना ऑफसाइड शिकवायचे. त्यांच्या तरुणपणी नियम असा होता की, बॉल पुढं टाकला जाताना फॉरवर्डच्या समोर विरुद्ध बाजूची तीन माणसं असलीच पाहिजेत. म्हणजे बहुतेक वेळा दोन बॅक आणि गोलकीपर. वस्तादांनी काय करायचं, बॉल सुटायच्या क्षणाला एक पाऊल पुढं टाकायचं. फॉरवर्ड त्यांच्या मागं राहायचा, त्याच्या समोर दोनच माणसं उरायची, आणि शिट्टी. वस्ताद हात वर करून उभे. धावणं नाही, धडपड नाही. फक्त ते पाऊल कधी टाकायचं ते कळलं पाहिजे, आणि ते त्यांना जेवढं कळत होतं तेवढं त्या मुलखात फार थोड्यांना कळत असेल. दुसरा बॅक मागंच थांबायचा, चूक झालीच तर तो होता.

"लोक शिव्या द्यायचे," ते म्हणायचे. "आमच्या गावचेसुद्धा. म्हणायचे, हा खेळू देत नाही. अरे, त्याचेच तर पैसे मिळायचे मला!"

मग एका उन्हाळ्यात नियम बदलला. गोल होत नाहीत, प्रेक्षक कंटाळतात, म्हणून तिनाच्या ठिकाणी दोन माणसं केली. वस्ताद एकटे पुढं सरकले तरी मागं दुसरा बॅक आणि गोलकीपर असे दोघं उरायचे, आणि फॉरवर्ड बिनघोर आत शिरायचा. ऐन पंचविशीत असलेल्या माणसाची आयुष्यभराची विद्या कुणीतरी टेबलाभोवती बसून काढून घेतली. पुढच्या मोसमात त्यांना दुसऱ्या फळीत टाकलं. मग खालच्या क्लबाला विकलं, मग त्याहून खालच्या. तिथं गुडघा गेला. शेवटची वर्षं ते मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होते.

"नियम बदलला तेव्हा मी तरुण होतो," ते म्हणायचे, "पण माझं पाऊल म्हातारं झालं." आणि मोहरीची बाटली उचलून सॉसेजवर ओतायचे. मावशी म्हणायची, "झालं यांचं पाऊल? आता भांडी पुसायला घ्या."

बंदरावरच्या वस्तीतला एक छोटा क्लब होता, त्याच्या दुसऱ्या संघाचे वस्ताद ट्रेनर होते. मानधन म्हणाल तर बिअर आणि ख्रिसमसला एक बदक. मी त्या संघात राइट बॅक झालो. मैदान विटांच्या भुग्याचं, लाल. पडलो की गुडघ्यात खडे रुतायचे, आणि मावशी ते शिवणाच्या सुईनं काढायची. माझ्या जोडीला लेफ्ट बॅक म्हणून गोदीत काम करणारा एक दांडगा जर्मन होता. त्या तीन-चार वर्षांत मी सुखी होतो. हे आत्ता लिहिताना कळतंय, तेव्हा मी थंडीला आणि बटाट्यांना शिव्या देण्यात गुंतलो होतो.

मग एका रविवारी मॅचच्या आधी वस्तादांनी मला आणि त्या गोदीवाल्याला बाजूला घेतलं. गोदीवाल्याला म्हणाले, "बॉल सुटताना तू एक पाऊल पुढं. एकटाच." मला म्हणाले, "तू हलायचं नाहीस." मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काही नवीन डाव असेल. वस्तादांना उलट विचारायची सवय आमच्या तालमीनं लावलेली नव्हती. मॅच सुरू झाली. गोदीवाला पुढं सरकला, मी थांबलो, आणि त्यांचा फॉरवर्ड आमच्या मधून बागेत फिरायला निघाल्यासारखा आत गेला. गोल. पुन्हा तेच. पुन्हा गोल. वस्ताद रेषेवर हात वर करून ओरडत होते, "तीन! तीन!"

मध्यंतराला रेफरी, जो वस्तादांच्याच वयाचा होता, हसत म्हणाला, "काय हो ट्रेनर, हे तर माझ्या तरुणपणी होतं." सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, जुनं खोड आहे, हट्टानं आपली विद्या एकदा दाखवून बघतंय.

परतताना एस-बानच्या लोकल गाडीत ते खिडकीपाशी बसले होते. मग इंग्रजीत मला म्हणाले, "तो रेफरी काय म्हणत होता, पोरा? कसला नियम बदलला?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. थट्टा नव्हती. त्यांनीच मीठदाणी आणि मोहरीची बाटली मांडून मला जे शिकवलं होतं, ते मी त्यांना सांगितलं. तीन नाही, आता दोन. घरात कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसं त्यांनी ते ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी संपलो." आमचं स्टेशन आलं तेव्हा मला त्यांना हाताला धरून उतरवावं लागलं.

पुढच्या रविवारी त्यांनी गोदीवाल्याला पुन्हा तेच सांगितलं. आणि परतताना मला पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला. त्या माणसाला आयुष्यात एकदा जी बातमी पचवायला लागली होती, ती मी त्याला दर आठवड्याला नव्यानं देत होतो. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "रेफरी आंधळा आहे, वस्ताद." ते खूश झाले. म्हणाले, "मलाही तीच शंका होती." आम्ही दोघांनी त्या बिचाऱ्या रेफरीला घर येईपर्यंत शिव्या घातल्या.

क्लबानं समजुतीनं घेतलं. एक छोटा समारंभ केला, चांदीचा मुलामा दिलेला बिअरचा मग दिला, आणि संघ एका शाळामास्तराच्या हाती गेला. वस्तादांना वाटलं, दुसऱ्या क्लबानं घेतलंय. "कुठला क्लब?" त्यांनी मला दोन-तीनदा विचारलं. मी म्हणालो, अजून कळवलेलं नाही.

ते आठवणींत मागं मागं निघाले होते. त्यांच्या कपाळावर जुन्या बॉलच्या वादीचे बारीक वण होते. पावसात भिजलेला तो चामड्याचा गोळा हे लोक वर्षानुवर्षं डोक्यानं परतवायचे. आता डॉक्टर त्याबद्दल पुष्कळ बोलतात. तेव्हाच्या आमच्या डॉक्टरनं फक्त 'म्हातारपण' एवढंच सांगितलं.

एका सकाळी नाश्त्याला वस्तादांनी दूध मागितलं, इंग्रजीत. मावशी हसली. "बरं, बरं, आता आपण इंग्रज झालो वाटतं," म्हणाली. दुपारी हसायचं थांबली. संध्याकाळी मी कारखान्यातून आलो तर ती जिन्यात माझी वाट बघत उभी होती. "हेर इंजिनिअर," ती म्हणाली, म्हणजे इंजिनिअरसाहेब, "यांना सांगा की माझ्याशी नीट बोला." मी आत जाऊन सांगितलं. वस्ताद मला म्हणाले, "बोलतोय की. तिलाच कळत नाही." त्यांचं जर्मन गेलं होतं. महिनाभर त्यातला एखादा शब्द सापडायचा, मग तोही गेला.

नवराबायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये म्हणतात. मी तर त्या दोघांच्या मध्ये खुर्ची टाकूनच बसलो. मीठ दे, खिडकी लाव, पाठ दुखते, आज पाऊस आहे बाहेर जाऊ नका, सगळं माझ्या तोंडून. मला राग यायचा. दिवसभर कारखान्यात जर्मन ऐकून डोकं भणभणायचं, घरी येऊन दोघांची धुणी वाळत घालायची. पण मावशी ज्या तऱ्हेनं माझ्या ओठांकडं बघायची, ते बघून राग टिकायचा नाही. जेवण वाढून झालं की ती विचारायची, "आज कुठं आहेत?"

ते कळायला मला एक युक्ती सापडली होती. मी विचारायचो, "वस्ताद, शनिवारी मॅच कुणाशी?" ते क्लबाचं नाव सांगायचे, कधी जोडीदाराचं, कधी मैदान कसं आहे ते. त्यांची गोष्ट मला पाठ होती, त्यामुळं कुठला मोसम ते मला लगेच कळायचं. मग मी मावशीला सांगायचो, "आज रेषा मारतायत." काही महिन्यांनी, "आज गुडघा दुखतोय, पण खेळतायत." मग, "आज वरच्या क्लबात आहेत." ती मान हलवायची. आधी तिला वाटायचं की ते जातील तसे परत येतील. एकदा म्हणाली, "आल्झो, म्हणजे इथं यायला त्यांना अजून पुष्कळ चालायचंय." ते उलट्या बाजूला चाललेत हे तिला माझ्याआधी कळलं असणार.

डॉक्टरनं पहिल्यांदा संस्थेचं नाव काढलं ते तेव्हाच. शहराबाहेर झाडीत मोठी इमारत, वेड लागलेल्या आणि विसरलेल्या माणसांसाठी. मावशीनं डॉक्टरला दार दाखवलं. मला तिचा तो आवाज नवीन होता. मग बटाटे सोलत तिनं मला सांगितलं, की तिची थोरली बहीण मनानं अधू होती. लढाईच्या काळात सरकारची एक करडी गाडी आली आणि तिला अशाच एका संस्थेत घेऊन गेली. बहीण ओरडत होती, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. काही आठवड्यांनी कळवलं की न्यूमोनियानं गेली. "न्यूमोनिया. तिथं नेलेल्या सगळ्यांनाच झाला," मावशी म्हणाली, आणि पुढं बराच वेळ नुसती सालं काढत राहिली. "आता तसं नाही म्हणतात. असेलही. पण मी शपथ घेतली आहे, माझ्या घरातून कुणी त्या गाडीत बसणार नाही." त्यानंतरचं त्या घरातलं सगळं जगणं त्या एका शपथेसाठी चाललं होतं.

मग वस्ताद पहिल्या लग्नाच्या वर्षांत पोचले. ते दिवस वाईट होते. सकाळी उठून विचारायचे, बायको कुठं आहे. मावशीकडं बघून, ही बाई कोण, असं नाही विचारायचे. ते सभ्य माणूस. घरात कामाला कुणीतरी ठेवलेली आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी मावशीला काय सांगू म्हणून विचारलं. ती म्हणाली, "सांगा, बहिणीकडं गेलीय. संध्याकाळी येईल." संध्याकाळी ते जिन्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. ज्या बाईची ते वाट बघायचे तिच्यासाठी मावशी ताट झाकून ठेवायची, नाहीतर ते जेवत नसत. ते झाकलेलं ताट मला बघवायचं नाही. एकदा मी म्हणालो, "खरं सांगून टाकू या." ती म्हणाली, "त्यांची बायको मरायची एकच वेळ होती. तुम्ही रोज मारणार आहात का?" मला ऑफसाइड आठवला, आणि त्या दिवशी ताटावर झाकण मीच ठेवलं.

एकदा तिनं मला विचारायला लावलं, "ती कशी आहे?" वस्तादांचा चेहरा उजळला. म्हणाले, उंच आहे, आणि स्वयंपाक करताना गाते. मी सांगितलं. मावशीनं स्वतःच्या आखूड हातांकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून बारीक आवाजात काहीतरी ऐकू आलं. ती गात होती. सूर धड नव्हता, आणि दोन ओळींनंतर तिनं थांबवलं.

त्यानंतर तिच्या डोक्यात एक विचार आला. तो तिनं मला जरा लाजतच सांगितला. "हेर इंजिनिअर, हे असेच मागं जात राहिले तर एक दिवस यांचं लग्न व्हायच्याही आधी पोचतील ना?" मी म्हणालो, "पोचतील." "म्हणजे तेव्हा कुणाची वाट बघणार नाहीत." "नाही." "मग," ती म्हणाली, "तेव्हा कुणीतरी नव्यानं भेटायला हरकत नाही."

हसू नये म्हणून मी बशीतला पाव चिवडत राहिलो, आणि हसू येत नव्हतंच. पण आशा ही असली निलाजरी चीज असते की मलाही ती लागली. मी रोज शनिवारची मॅच विचारायला लागलो. आणि एक दिवस वस्तादांनी जे मैदान सांगितलं, त्यावरून कळलं की लग्न अजून झालेलं नाही. त्यांनी बायको कुठं असं विचारलं नाही. संध्याकाळी दारात खुर्ची टाकली नाही. मी मावशीला सांगितलं. ती शनिवारी केस करून घ्यायला गेली. निळा ब्लाउज घातला, गळ्यात पिवळे मणी. रविवारी दुपारी कॉफी आणि लोण्याचा केक मांडला, आणि मला म्हणाली, "तुम्ही लागलंच तर बोला."

ती आत आली तसे वस्ताद खुर्चीतून उठून उभे राहिले. गुडघा दुखत असताना, टेबलाला धरून. तिनं केसांना हात लावला. ते तिच्याकडं बघून छान हसले, स्वतःची खुर्ची तिच्यासाठी मागं ओढली आणि म्हणाले, "बसा, मदर."

त्यांच्या गावात म्हाताऱ्या बायांना असंच म्हणतात. जर्मनमध्येही तो शब्द जवळजवळ तसाच आहे, त्याला दुभाष्याची गरज नव्हती. वस्ताद विशीत होते आणि मावशी साठीला आली होती. हे गणित आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं, आम्ही दोघंही तिला त्यांच्याबरोबर मागं न्यायला निघालो होतो. ती बसली. तिनं केक कापला आणि आधी त्यांना वाढला. त्यानंतर तिनं मला 'आज कुठं आहेत' असं विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात वस्ताद अर्धी चड्डी घालून बंदराच्या रेल्वे रुळांवर सापडले. सरावाला निघाले होते. एकदा सापडले, पुन्हा सापडले. मावशी दाराला कुलूप लावायला लागली. मग एका सकाळी मी कामावर गेलेला असताना ती दारात आडवी उभी राहिली, आणि त्यांनी तिला खांद्यानं बाजूला सारलं. त्यांच्या काळात हा खेळातला रीतसर डाव होता, खांद्याला खांदा, शिट्टी नाही. ती उंबऱ्यावर पडली आणि मनगट आणि खुबा दोन्ही मोडले. ती इस्पितळात असेपर्यंत मी रजा काढून वस्तादांना सांभाळलं. इस्पितळातून ती काठीवर घरी आली. आता ती त्यांना धरू शकत नव्हती, उठवू शकत नव्हती, अंघोळ घालू शकत नव्हती. मी सकाळ-संध्याकाळ करायचो, पण दिवस मोठा असतो. आरोग्य खात्याची बाई आली, चांगली होती, संस्थेबद्दल हळू बोलली. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि होकाराची मान डोलावली. शपथेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी तिच्याकडं बघितलं तर ती म्हणाली, "तुम्ही तरी असं बघू नका."

गाडी यायची त्या दिवशी मी कारखान्यात रजा टाकली. मावशीला रात्रभर झोप नव्हती. तिला एकाच गोष्टीची भीती होती, की ते ओरडतील. बहिणीसारखे ओरडतील, आणि शेजारी खिडक्या लावतील. "ते ओरडले तर तुम्ही त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगा," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. काय सांगायचं ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

वस्ताद मात्र त्या सकाळी माझ्याआधी उठून बसले होते. डोळे चकाकत होते. शनिवारची मॅच विचारायचीही गरज पडली नाही, त्यांनीच मला खांद्याला धरून सांगितलं. मोठ्या क्लबाचा माणूस काल खाणीवर येऊन गेला. सही झाली. खाली उतरायचं नाही आता, कोळसा नाही, पोटासाठी फुटबॉल खेळायचं. आज न्यायला गाडी येणार आहे. मी त्या घरात त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. हे सगळं पुढं त्यांच्यापुढं वाढून ठेवलेलं होतं, नियम, गुडघा, रेषा, सगळं, आणि ते त्याच्याकडं हसत निघाले होते.

गाडी आली. रंग करडाच होता. दोन माणसं जिना चढून आली. मावशीनं माझी बाही घट्ट धरली. वस्ताद ताडकन उठले आणि म्हणाले, "आले!"

"काय म्हणाले?" मावशीनं विचारलं.

मी सांगितलं. त्यांना वाटतंय क्लबाची गाडी आहे, ते खेळायला निघालेत. तिनं माझी बाही सोडली. मग ती काठी टेकत आत गेली आणि त्यांचा लग्नातला कोट घेऊन आली. "पहिला दिवस आहे," ती म्हणाली. "नीट दिसायला हवेत." बूटही तिनंच पुढं केले, आणि मी खाली बसून त्यांच्या वाद्या बांधल्या.

नोकर माणसं दारात थांबली होती. वस्तादांनी मला मिठी मारली. मग मावशीपुढं उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली, आणि तिचा हात हातात घेऊन हलवला. माझ्याकडं वळून म्हणाले, "घरमालकिणीला सांग, फार प्रेमानं ठेवलंस. एवढं चांगलं घर मला कुठं मिळालं नाही."

मी सांगितलं.

ती म्हणाली, "सांगा त्यांना, त्यांची खोली मी कुणाला देणार नाही."

मी सांगितलं. ते मोठ्यानं हसले, अगदी विशीतल्या पोरासारखे. "दे म्हणावं खुशाल. तिकडं गेलेलं पोर परत येत नसतं."

"काय म्हणाले?"

मी तेही सांगितलं, जसंच्या तसं.

"गेनाऊ. अगदी बरोबर," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या कोटाचं राहिलेलं बटण लावून दिलं.